विश्लेषण : एकाच संगणकात दहा तऱ्हा का? मुक्त सॉफ्टवेअरला सुसंगती का जमत नाही?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित मोफत आधार थांबवला. विंडोज ११ साठी ठरावीक सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य संगणक मधल्या मध्ये अडकले. नवा संगणक घ्यावा, काही काळापुरते वाढीव सुरक्षा अपडेट घ्यावेत किंवा लिनक्सकडे वळावे, असे पर्याय समोर आले. केडीईसारख्या मुक्तस्रोत प्रकल्पांनी ही संधी साधून ‘एंड ऑफ टेन’ नावाची मोहीम चालवली. जुना संगणक फेकू नका, त्यात लिनक्स टाका, असे तिचे आवाहन होते.

लिनक्स मोफत आहे आणि जुन्या यंत्रावरही बरे चालते. अनेकांची अडचण सुरू होते ती संगणक चालू झाल्यानंतर. एका प्रोग्रॅममध्ये ‘रद्द’चे बटण डावीकडे असते, दुसऱ्यात उजवीकडे. एकाचा मेन्यू वरच्या पट्टीत, तर दुसऱ्याचा तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे. फाइल निवडण्याची खिडकीही प्रत्येक ठिकाणी वेगळी. यातली कोणतीही गोष्ट स्वतंत्रपणे चुकीची नाही. एकत्र आल्यावर मात्र ‘हे आपल्याला जमणार नाही’ अशी भावना तयार होते. मुक्तस्रोत जगत गेली जवळपास तीस वर्षे हा प्रश्न सोडवते आहे. तो अजून का सुटला नाही आणि कुठे सुटला, याचा हा आढावा.

सुसंगती म्हणजे नेमके काय?

सगळे प्रोग्रॅम एकाच रंगाचे दिसणे म्हणजे सुसंगती, असा समज आहे. तो अपुरा आहे. दिसण्यापेक्षा वागण्यातली सुसंगती महत्त्वाची असते. एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी तशीच लागू पडली पाहिजे. एस्केप दाबले की खिडकी बंद होणार, कंट्रोल-झेड दाबले की शेवटची कृती मागे जाणार, ‘काढून टाका’ म्हटले की फाइल आधी कचरापेटीत जाणार, याची खात्री असली की माणूस न घाबरता नवे सॉफ्टवेअर वापरून पाहतो. खात्री नसेल तर तो पाठ केलेल्या चार पायऱ्यांच्या पलीकडे जात नाही.

ॲपलने मॅकिंटॉश १९८४ मध्ये आणला आणि पुढे इंटरफेसचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आयबीएमनेही १९८७ मध्ये ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ नावाचे नियम आणले. दोन्हींमागची कल्पना एकच होती. प्रोग्रॅम लिहिणारे हजारो असले तरी वापरणाऱ्याला ते एकाच हातचे वाटावेत. बंदिस्त सॉफ्टवेअरलाही हे पूर्णपणे जमलेले नाही. विंडोजमध्ये २०१२ पासून जुने ‘कंट्रोल पॅनल’ आणि नवे ‘सेटिंग्ज’ शेजारी शेजारी नांदत आहेत. मात्र तिथे शेवटचा शब्द एका कंपनीचा असतो. मुक्तस्रोत जगात असा शेवटचा शब्द कोणाचाच नसतो.

विस्कळीतपणाचे मूळ कुठे?

लिनक्सच्या डेस्कटॉपचा पाया दीर्घकाळ ‘एक्स विंडो सिस्टीम’ हा होता. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८४ मध्ये तिचे काम सुरू झाले. खिडकी पडद्यावर उमटवण्याची यंत्रणा आम्ही देऊ, ती कशी दिसावी आणि कशी वागावी हे आम्ही ठरवणार नाही, असे तिचे धोरण होते. संशोधनासाठी हे धोरण योग्यच होते. पण त्यामुळे बटण, मेन्यू, सरकपट्टी या रोजच्या गोष्टी ज्याने त्याने आपापल्या बनवल्या. अथेना, मोटिफ, ओपन लुक असे घटकसंच आले आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे ती एकाच पडद्यावर बदलत होती.

जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी मथियास एट्रिच याने नेमक्या याच कारणासाठी १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केडीई प्रकल्पाची घोषणा केली. सामान्य वापरकर्त्यासाठी एकसारखा दिसणारा आणि वागणारा डेस्कटॉप हवा, अशी त्याची मांडणी होती. विंडोज १० चा आधार बरोबर त्याच तारखेला संपला, हा निव्वळ योगायोग. केडीईने ‘क्यूटी’ हा घटकसंच निवडला. त्याचा परवाना त्या वेळी पूर्णपणे मुक्त नव्हता. त्यावर आक्षेप घेत मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ‘ग्नोम’ प्रकल्प सुरू केला. त्यांनी ‘जीटीके’ हा घटकसंच घेतला. तो मुळात ‘गिंप’ या चित्रसंपादन प्रोग्रॅमसाठी तयार झाला होता.

पुढे क्यूटीचा परवाना मुक्त झाला आणि वादाचे कारण संपले. तोपर्यंत दोन स्वतंत्र घरे उभी राहिली होती. म्हणजे एकसारखेपणासाठी सुरू झालेल्या प्रयत्नातूनच लिनक्सच्या जगात दोन मोठ्या तऱ्हा तयार झाल्या. त्या आजही कायम आहेत.

कंट्रोल-सीचा पेच काय आहे?

इतिहासाचे ओझे किती असते, हे एका कळजोडीवरून कळते. कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, हे आता लहान मुलालाही ठाऊक असते. युनिक्सच्या टर्मिनलमध्ये मात्र कंट्रोल-सी म्हणजे ‘चालू प्रोग्रॅम थांबवा’. हा अर्थ डेस्कटॉपवरच्या कॉपी-पेस्टपेक्षा जुना आहे. त्यामुळे टर्मिनलमध्ये कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी दाबावे लागते. नवखा माणूस मजकूर कॉपी करायला जातो आणि चालू काम मध्येच तुटते.

हा नियम बदलला तर दशकांची सवय असलेले प्रशासक आणि प्रोग्रॅमर अडचणीत येतील. बदलला नाही तर प्रत्येक नवागताला एकदा ठेच लागणार. एक्स विंडोमध्ये मजकूर नुसता निवडला तरी तो वेगळ्या ठिकाणी साठतो आणि माउसचे मधले बटण दाबल्यावर चिकटतो. जाणकारांना ही सोय प्रिय आहे, नव्या माणसाला मात्र मजकूर कुठून आला हे कळत नाही. सुसंगतीच्या बहुतेक वादांचे स्वरूप असेच असते. त्यात चूक आणि बरोबर असा सामना नसतो. एकाच्या सवयीची किंमत दुसऱ्याने मोजायची, एवढाच प्रश्न असतो.

नियमपुस्तिकेने काय साधले?

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००१ मध्ये ग्नोमची प्रत्यक्ष वापरकर्त्यांकडून चाचणी करून घेतली आणि तिचा अहवाल खुला केला. प्रोग्रॅमरला उघड वाटणाऱ्या गोष्टींपाशी सामान्य माणूस अडखळतो, हे त्यातून समोर आले. पाठोपाठ २००२ मध्ये ग्नोमने आपली इंटरफेस नियमपुस्तिका आणली आणि त्याच वर्षी ग्नोम २.० प्रसिद्ध झाले.

पुस्तिकेतले नियम साधे होते. बटणावर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहू नका, ‘साठवा’ किंवा ‘काढून टाका’ असे क्रियापद लिहा. प्रश्न न वाचता बटण दाबणाऱ्यालाही आपण काय करतो आहोत हे कळले पाहिजे. पसंतीचा पर्याय बदलला की तो लगेच लागू करा, त्यासाठी वेगळे ‘ओके’ दाबायला लावू नका. मुख्य कृतीचे बटण उजवीकडे ठेवा.

त्याच सुमारास ग्नोमचे एक प्रमुख प्रोग्रॅमर हॅवॉक पेनिंग्टन यांनी एक मुद्दा मांडला. तो आजही वादाचा विषय आहे. प्रत्येक जादा पर्यायाची किंमत असते, असे त्यांचे म्हणणे होते. पर्याय वाढले की तपासायच्या शक्यता वाढतात, दोष वाढतात आणि सेटिंगच्या खिडकीत महत्त्वाची गोष्ट हरवते. दोघांचे एकमत होत नाही म्हणून पर्याय ठेवणे म्हणजे निर्णय टाळणे होय. केडीईचा कल याउलट राहिला. वापरकर्त्याला हवे तसे बदलू द्यावे, असे तो प्रकल्प मानतो. दोन्ही भूमिकांना चाहते आहेत, म्हणूनच दोन्ही टिकून आहेत.

दोन घरांत समेट कसा झाला?

समेटाचा पहिला मार्ग म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींवर एकमत. पेनिंग्टन यांनीच २००० मध्ये ‘फ्रीडेस्कटॉप’ हे व्यासपीठ सुरू केले. प्रोग्रॅम मेन्यूत कसा नोंदवायचा, चिन्हांना कोणती नावे द्यायची, कचरापेटीत फाइल कशी ठेवायची याचे सामाईक नियम तिथे ठरत गेले. त्यामुळे आज केडीईचा प्रोग्रॅम ग्नोमच्या मेन्यूत बिनबोभाट दिसतो. ‘टँगो’ प्रकल्पाने २००५ पासून चिन्हांची सामाईक शैली पुढे आणली.

दुसरा मार्ग म्हणजे नियम घटकसंचातच घालणे. क्यूटीच्या ४.२ या २००६ मधील आवृत्तीत एक नवा घटक आला. प्रोग्रॅमरने फक्त ‘हे होकाराचे बटण, हे नकाराचे’ एवढे सांगायचे. कोणते डावीकडे आणि कोणते उजवीकडे, हे प्रोग्रॅम ज्या डेस्कटॉपवर चालतो त्यानुसार आपोआप ठरते. विंडोजवर विंडोजची रीत, मॅकवर मॅकची, ग्नोममध्ये ग्नोमची. नियम लक्षात ठेवण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले.

तिसरा मार्ग अलीकडचा आहे. फ्लॅटपॅक या पद्धतीने बसवलेले प्रोग्रॅम ‘पोर्टल’ नावाच्या मध्यस्थामार्फत डेस्कटॉपशी बोलतात. प्रोग्रॅमला फाइल हवी असेल तर तो स्वतःची खिडकी न उघडता डेस्कटॉपला विनंती करतो. डेस्कटॉप आपली नेहमीची खिडकी दाखवतो आणि निवडलेली फाइल प्रोग्रॅमच्या हाती देतो. मूळ उद्देश सुरक्षेचा होता, कारण प्रोग्रॅमला इतर फाइलींना हात लावता येत नाही. त्याबरोबर सुसंगतीही आली. गडद रंगसंगतीची निवड आणि ठळक रंगाची निवडही आता याच वाटेने सर्व प्रोग्रॅमपर्यंत पोहोचू लागली आहे.

वाद कशावरून पेटतो?

‘सुसंगत कशाशी?’ हा प्रश्न आला की वाद सुरू होतो. लिनक्सच्या अनेक वितरणांनी आपापली रंगसंगती, म्हणजे थीम, सर्व प्रोग्रॅमांवर लावण्याची प्रथा पाडली होती. त्यामुळे एका वितरणापुरते सगळे एकसारखे दिसे. मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ज्या रूपात तपासणी केली, ते रूप वापरकर्त्यापर्यंत पोहोचतच नसे. कुठे पांढऱ्यावर पांढरी अक्षरे, कुठे कापले गेलेले बटण. तक्रार मात्र प्रोग्रॅमच्या लेखकाकडे येई. ग्नोमसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या काही जणांनी २०१९ मध्ये खुले पत्र लिहून ‘आमच्या प्रोग्रॅमांना परस्पर थीम लावू नका’ अशी विनंती वितरणांना केली.

त्यानंतर २०२१ च्या अखेरीस ग्नोमने ‘लिबअद्वैता’ हा घटकसंग्रह आणला. नियमपुस्तिकेतले आकार, अंतरे आणि वर्तन त्यात तयार मिळते. ते वापरले की नियम आपोआप पाळले जातात. मात्र त्याचे रूपही बहुतांशी ठरलेले असते. यामुळे ग्नोमचे प्रोग्रॅम आपसात कमालीचे एकसारखे झाले आणि ग्नोमबाहेर ते तितकेच वेगळे उठून दिसू लागले. सिस्टीम-७६ या संगणक कंपनीने तर ग्नोमवरचे अवलंबित्व सोडून ‘कॉस्मिक’ हा स्वतःचा डेस्कटॉप बांधायला घेतला.

प्रोग्रॅम सगळ्या संगणकांवर एकसारखा दिसावा की एका संगणकावरचे सगळे प्रोग्रॅम एकसारखे दिसावेत, या दोन सुसंगती एकमेकींच्या आड येतात. ब्राउझरचे तंत्र वापरून बांधलेल्या आजच्या अनेक प्रोग्रॅमांनी पहिली निवडली आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर सारखेच दिसतात आणि तिन्हीकडे थोडे परके वाटतात.

एवढा वेळ का लागतो?

जीटीकेची फाइल निवडण्याची खिडकी हे याचे ठसठशीत उदाहरण. या खिडकीत छायाचित्रांच्या लहान प्रतिमा जाळीच्या रूपात दिसाव्यात, अशी मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली. ती प्रत्यक्षात आली मार्च २०२३ मध्ये, ग्नोम ४४ बरोबर. दरम्यानच्या काळात ‘आयएमजी’ने सुरू होणाऱ्या शेकडो नावांतून हवा तो फोटो अंदाजाने निवडत एक पिढी मोठी झाली.

आळस हे त्यामागचे कारण नाही. फाइलची ती खिडकी शेकडो प्रोग्रॅम वापरतात, त्यामुळे तिला हात लावणे जोखमीचे असते. आतली रचना जुनी असेल तर एका छोट्या सुधारणेसाठी आधी पाया बदलावा लागतो. त्यात हे काम बिनपैशाचे आणि बिनश्रेयाचे. स्वयंसेवक सहसा स्वतःला हवी ती सुविधा लिहितो. पन्नास प्रोग्रॅमांतले अंतर आणि शब्द सारखे करण्यात त्याला फारसे काही मिळत नाही. डिझायनर मंडळी मुळात कमी आणि त्यांनी काढलेले चित्र कोडमध्ये उतरवायला पुन्हा प्रोग्रॅमरच लागतो. शिवाय क्लिष्ट कोडवर मत द्यायला दोनच जण पुढे येतात, पण बटणाच्या जागेवर दोनशे जणांचे मत असते.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण नोंदवले होते. संस्थेतल्या माणसांचा आपसात संवाद जसा असतो, तशीच रचना त्यांच्या हातून घडते. विखुरलेल्या, एकमेकांना क्वचित भेटणाऱ्या गटांच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच विखुरलेपण उतरते. म्हणून यशस्वी प्रयत्नांची सुरुवात बहुधा माणसांना एका उद्दिष्टाभोवती आणण्यापासून झाली. उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने २००९ मध्ये शंभर किरकोळ पण रोज टोचणाऱ्या त्रुटी निवडून त्या दूर करण्याचा उपक्रम घेतला. केडीईने २०१९ मध्ये दोन वर्षांसाठी जी तीन उद्दिष्टे निवडली, त्यात ‘सुसंगती’ हे एक होते. केडीईच्याच वेगवेगळ्या प्रोग्रॅमांतले टॅब वेगवेगळे दिसतात आणि वागतात, इथपासून काम सुरू झाले. पुढे २०२२ मध्ये, संगणक सुरू केल्यावर पहिल्या १५ मिनिटांत नजरेस पडणारे दोष आधी दुरुस्त करायचे, अशी मोहीम त्यांनी हाती घेतली.

मोठे बदल अंगाशी येतात का?

अनेकदा येतात. ग्नोम ३ ने एप्रिल २०११ मध्ये डेस्कटॉपची मांडणीच बदलली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर टीका केली. जुन्या पद्धतीच्या चाहत्यांनी ‘माते’ आणि ‘सिनॅमन’ हे वेगळे डेस्कटॉप उभे केले. एकसारखेपणाच्या मोहिमेतून पुन्हा नव्या तऱ्हा जन्माला आल्या. मुक्त परवान्यात हा हक्क गृहीतच आहे. पटत नसेल तर कोड घ्या आणि वेगळे व्हा.

गिंपने २०१२ मधील २.८ आवृत्तीत ‘साठवा’ आणि ‘निर्यात करा’ या कृती वेगळ्या केल्या. साठवले की फाइल गिंपच्या स्वतःच्या प्रकारातच साठते. जेपीजी हवी असेल तर ती निर्यात करावी लागते. तर्क बिनतोड होता, कारण जेपीजीमध्ये चित्राचे थर हरवतात. तरीही वर्षानुवर्षे कंट्रोल-एस दाबणारे हात चिडले. त्याच आवृत्तीत अनेक सुट्या खिडक्यांऐवजी एकच खिडकी वापरण्याची सोयही आली. तिचे स्वागत झाले.

ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरची गोष्ट उलट आहे. त्यात वस्तू निवडायला माउसचे उजवे बटण दाबावे लागे, जगाच्या नेमके उलट. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीने डावे बटण ही मूळ रीत केली आणि उजव्याचा पर्याय जुन्या लोकांसाठी राखला. इंटरफेसही नव्याने मांडला. नव्या कलाकारांसाठी दार मोठे झाले. संपूर्णपणे ब्लेंडरमध्ये तयार झालेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाने २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईच्या प्लाझ्मा ६ नेही अशीच माघार घेतली. एका क्लिकमध्ये फाइल उघडण्याची आपली जुनी मूळ रीत सोडून दोन क्लिकची जगाची रीत स्वीकारली. हव्या त्याला जुनी रीत सेटिंगमध्ये मिळते.

मराठी वापरकर्त्याचा संबंध काय?

संबंध थेट आहे. पूर्वी लिनक्सवर एकच मराठी शब्द एका प्रोग्रॅममध्ये नीट, तर दुसऱ्यात मोडका दिसे. जीटीके, क्यूटी आणि लिबरऑफिस अक्षरे जुळवण्याचे काम वेगवेगळ्या कोडने करत होते हे त्याचे कारण. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र किंवा ‘कीर्ती’मधला रफार प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे सांभाळावा लागे आणि एका ठिकाणी दुरुस्त झालेला दोष दुसरीकडे तसाच राही. पुढे ‘हार्फबझ’ हे सामाईक इंजिन नव्याने लिहिले गेले. जीटीकेचा मजकूर उमटवणाऱ्या भागाने ते २०१२ मध्ये स्वीकारले, क्यूटी आणि फायरफॉक्सनेही घेतले. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीत ते सर्व संगणकप्रणालींवर लागू केले. जोडाक्षराचा दोष आता एकाच जागी दुरुस्त होतो आणि सगळीकडे पोहोचतो. सुसंगतीचा याहून ठोस लाभ दाखवणे कठीण.

शब्दांचे मात्र तसे झालेले नाही. एका खिडकीत ‘संचिका’, दुसरीत ‘धारिका’, तिसरीत ‘फाइल’. कुठे ‘साठवा’, कुठे ‘जतन करा’, कुठे ‘सेव्ह करा’. प्रत्येक प्रोग्रॅमचा भाषांतरकार वेगळा आणि वेळही वेगळा. डेस्कटॉपवर वारंवार येणाऱ्या शब्दांची एकच यादी असावी, या हेतूने रेड हॅटमधील भाषांतरकारांच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘फ्यूएल’ हा प्रकल्प सुरू झाला. हिंदीपासून सुरुवात होऊन मराठीसह इतर भाषांच्या याद्या तयार झाल्या. यादी करणे सोपे असते. नवा भाषांतरकार ती उघडून पाहील, याची व्यवस्था करणे अवघड. मराठी इंटरफेस बंद करून इंग्रजीच ठेवणारे अनेक जण भाषेला नव्हे, तर या गोंधळाला कंटाळलेले असतात.

तिसरा धागा शिक्षणाचा. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिनक्स, लिबरऑफिस, गिंप अशा मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत देतो. पडद्यावरची कृती एकदा चित्रित करायची आणि आवाज त्या त्या भाषेत द्यायचा, अशी ती पद्धत. मेन्यूची जागा बदलली की पडद्यावर एक दिसते आणि धडा दुसरेच सांगतो. मग धडा नव्याने करावा लागतो आणि सर्व भाषांत पुन्हा बोलावा लागतो. लिबरऑफिसने पारंपरिक मेन्यूबरोबर टॅब असलेली मांडणीही दिली आहे. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकलेल्यांना ती ओळखीची वाटते. पण ‘वरचा तिसरा मेन्यू उघडा’ हे शिक्षकाचे वाक्य वर्गातल्या निम्म्या पडद्यांना लागू पडेनासे होते. निवडीचे स्वातंत्र्य आणि शिकवण्याची सोय यांचा इथे प्रत्यक्ष झगडा होतो.

सर्वात मोठी किंमत कोण मोजते?

ज्यांना पडदा दिसत नाही ते. अंध वापरकर्ते लिनक्सवर ‘ऑर्का’सारखे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात. प्रोग्रॅमरने घटकसंचातले तयार बटण वापरले तर ‘हे बटण आहे, त्यावर अमुक लिहिले आहे’ ही माहिती ऑर्काला आपोआप मिळते. वेगळेपणाच्या हौसेने त्याने स्वतःचे बटण रंगवले आणि ही माहिती जोडायला तो विसरला, तर डोळस माणसाला सुंदर बटण दिसते आणि अंध माणसाला तिथे काहीच नसते. त्याच्यासाठी सुसंगतीचा प्रश्न सोयीचा नाही, सॉफ्टवेअर वापरता येणार की नाही याचा आहे.

दुसरा मोठा गट सरकारी कर्मचाऱ्यांचा. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक त्यावर आले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. त्यात राजकारण होते, माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या रचनेचे प्रश्न होते आणि रोजच्या वापरातल्या तक्रारीही होत्या. आता जर्मनीचेच श्लेसविग-होल्स्टाइन राज्य सुमारे ३० हजार संगणकांवर लिबरऑफिस आणण्याच्या मार्गावर आहे. हा निर्णय २०२४ मध्ये झाला. अशा बदलात परवान्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वाचतात. पण खिडकीवर रांग उभी असताना कर्मचाऱ्याला बटण सापडले नाही, तर बदलाविषयीचे त्याचे मत तिथेच ठरते.

पुढे काय?

तीस वर्षांच्या प्रयत्नांतून काही धडे स्पष्ट दिसतात. नुसती नियमपुस्तिका पुरत नाही. नियम तयार घटकांत उतरले तरच पाळले जातात. दिसण्यावर एकमत होत नसेल तर आतल्या गोष्टींवर करता येते आणि त्याचा फायदा बहुधा जास्त टिकतो. भव्य फेररचनेपेक्षा पहिल्या १५ मिनिटांतले दोष काढणे नव्या माणसाला अधिक उपयोगी पडते. आणि मूळ रीत बदलताना जुन्या हातांसाठी वाट उघडी ठेवली, तर वाद फुटीपर्यंत जात नाही.

सगळ्या लिनक्सला एकच चेहरा येईल, अशी शक्यता नाही आणि तशी अपेक्षाही फारसे कोणी करत नाही. केडीई आणि ग्नोम वेगळे राहतील. मात्र दोन्हींत मजकूर एकाच इंजिनाने उमटतो, कचरापेटी एकच नियम पाळते आणि गडद रंगाची निवड एकदाच करावी लागते. काम बाकी आहे ते मुख्यतः प्रोग्रॅमर नसलेल्यांना करता येण्यासारखे : शब्द तपासणे, अडलेली जागा नेमकी नोंदवणे, नवख्या माणसाला वापरताना शांतपणे पाहणे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये या कामालाही परवानगी लागत नाही. मराठी खिडकीतली ‘संचिका’ आणि ‘फाइल’ एक करायची, तर तेवढा वेळ देणारी माणसे मात्र मराठीतूनच यावी लागतील.